आधी खाली, मग वर

अँटेना बसवायला आलेला माणूस आधी छपराकडे बघतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमचा मिस्त्री आधी जमिनीकडे बघायचा. चपला काढून अनवाणी अंगणभर फिरायचा आणि म्हणायचा, "आधी खाली, मग वर."

दाभोळकडचा माणूस. आमच्या वाडीतल्या बहुतेक अँटेना त्यानेच उभ्या केलेल्या. माझ्याकडे आला आणि अंगणाच्या कोपऱ्यात थांबला. "इथे छातीभर खड्डा. कोळसा, मीठ घालायचं, अँटेनाच्या पाइपाची तार त्यात पुरायची. वीज पडली तर इथून जमिनीत जाईल."

मी चौथीत शाळा सोडली, पण हे अंगण माझ्या हातचं. सगळा जांभा, पहारीने फोडून सपाट केलेला. म्हटलं, "खड्डाबिड्डा नाही. तार कातळावर टाक, वर दगड ठेव."

"भाऊ, कातळ कोरडा. वीज त्यात शिरायची नाही, तुमच्या घरात शिरेल."

"माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कोणी शिरत नाही."

तो हसला नाही. चपला घालून निघून गेला. अँटेना पडवीत आडवी राहिली. आमची ही तिच्यावर फडकी वाळत घालायची आणि संध्याकाळी शेजारी मालिका बघायला जायची. जाताना म्हणायची, "तुम्ही बसा कातळाची राखण करत."

वैशाखात शेजाऱ्याच्या माडावर वीज पडली. शेंडा जळून गेला. तो माड आमच्या भिंतीपासून बारा पावलांवर. मी मोजली.

दुसऱ्या दिवशी पहार काढली. चार दिवस खणलं. मग मिस्त्रीला निरोप धाडला, माडासाठी खड्डा खणलाय, रोप काही मिळालं नाही, बघ तुला उपयोगी पडतो का.

तो आला, वाकून खोली बघितली. "माडाचाच खड्डा आहे," गंभीरपणे म्हणाला. "मीठ माडालाही घालतातच." काम झाल्यावर बजावलं, "उन्हाळ्यात रोज एक कळशी पाणी ओता. सुकला की संपलं."

मिस्त्री वारला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. छपरावर अँटेना नव्हती. त्याचा भाऊ म्हणाला, "आमचंही घर कातळावर. खड्डा खणायला त्याला सवड झाली नाही."

आता आमच्याकडे टीव्ही केबलवर चालतो. अँटेना मोडली, पाइप तेवढा उभा आहे, त्यावर कावळा बसतो. उन्हाळा लागला की मी कळशी घेऊन कोपऱ्यात जातो.

"आता कशाला पाणी?" ही विचारते.

"माडाला."

कोपऱ्यात माड नाही, हे तिलाही दिसतं. कळशी तीच भरून ठेवते.