नळीआधीची चव

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांचं गिळणं गेलं. आता नाकातून थेट पोटापर्यंत नळी आहे. आई वरणभात मिक्सरमधून काढते, गाळते आणि सिरिंजने सावकाश नळीत सोडते. त्याआधी दोन थेंब तळहातावर घेऊन चाखते. फार गरम नाही ना, एवढंच बघत असेल, असं मला वाटायचं. परवा ती चाखून उठली आणि चिमूटभर मीठ घालून आली.

"आई, त्यांच्या जिभेला लागत नाही ते."

"माहितीये मला," ती वर न बघता म्हणाली.

घशाखाली सगळं अंधारातच चालतं. जठर घुसळत राहतं, आतडी त्यातलं सत्त्व शोषून घेतात, रक्त ते पार बोटांच्या टोकांपर्यंत नेतं. चव कशी होती, हे त्यातलं कुणीच विचारत नाही. बाबांचं वजन टिकून आहे, डॉक्टर समाधानी आहेत. पण वरण जरा अळणी झालं तरी ताट सरकवणारा माणूस या सगळ्यात नेमका कुठे आहे, ते मला कळत नाही. रोज आत्याचा फोन येतो, "दादा जेवला का गं?" मी "हो" म्हणते, आणि खोटं बोलल्यासारखं वाटत राहतं.

आज आईला ताप आहे, म्हणून मी भरवायला बसले. सिरिंज भरली. मग थांबून दोन थेंब तळहातावर घेतले. अळणी लागलं. बाबा काही म्हणायच्या आत मी मीठ आणायला उठले.