नट-बोल्टची कांदाचाळ

माझं माहेर सटाण्याचं. कांदा कसा साठवायचा हे मला कुणी शिकवायला नको. यजमान सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. ते निवृत्त झाले, लेकीची बारावी संपली, आणि आम्ही तिघं एका सेवा मिशनच्या शिबिरात काम करायला केनियाला गेलो. गंगापूर रोडच्या शेजारणी म्हणाल्या, "या वयात कसली हौस?" मी थाटात सांगितलं, "पुण्य कमवायला चाललोय." कमावलं ते सांगते.

शिबिरात दवाखाना होता, शिवणवर्ग होता. माझ्या डोळ्यांत मात्र खुपला तो तिथल्या बायकांचा कांदा. पीक छान यायचं, पण ठेवायला जागा नाही, म्हणून काढल्याबरोबर व्यापारी म्हणेल त्या भावात देऊन मोकळ्या व्हायच्या. मी म्हटलं, चाळ बांधू. जमिनीपासून उचललेली, तळाला नि बाजूंना फटी. वारा खालून खेळता राहिला की कांदा महिनोन्महिने टिकतो. शिबिराचे प्रमुख आमच्या नाशिकचेच, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी लगेच लाकूड दिलं.

ह्यांनी एकही खिळा ठोकला नाही. प्रत्येक सांध्याला भोक पाडून नट-बोल्ट बसवला. मी येईल त्याला मिरवून सांगायची, "कंपनीतलं काम आहे, दोन पिढ्या हलायचं नाही!" हे तेव्हा नुसते मान खाली घालून हसायचे. मला वाटलं, लाजतात.

शेजारच्या एका बाईशी माझं विशेष जमलं. तिकडे लेकुरवाळ्या बाईला मामा म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला आम्हा मायलेकींना हसू आवरायचं नाही. या मामानंच बाकीच्या बायकांना पटवलं, की यंदा कांदा विकायचा नाही, चाळीत ठेवायचा आणि भाव चढल्यावर काढायचा. त्याआधी तिनं मला रोखठोक विचारलं होतं, "तुम्ही गेल्यावर ही चाळ कुणाची?" लेकीनं तिथली भाषा उचलली होती, तीच आमची दुभाषी. मी म्हटलं, "तुमची. माझा शब्द आहे." चाळ भरली त्या दिवशी मी तिची ओटी भरली. नारळ तिथेच मिळाला, खण मी नाशिकहून नेला होता. तो खण ती डोक्याला बांधून मिरवायची.

आमचे शेवटचे दिवस आले. एका सकाळी मी डबे-पातेली वाटून टाकत होते, तेवढ्यात लेक धावत आली. "आई, बाबा चाळ खोलतायत!"

मला वाटलं, एखादा बोल्ट ढिला झाला असेल. जाऊन बघते तर सगळा कांदा ताडपत्रीवर ओतलेला, आणि हे पाना घेऊन एकेक फळी उतरवतायत. दादा बाजूला उभे होते. शिबिर दुसऱ्या जिल्ह्यात हलणार होतं, चाळ तिकडे न्यायची होती.

"सामान मिशनचं आहे, ताई," दादा म्हणाले. "तिकडेही गरीब बायकाच आहेत."

मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

हे बोल्ट डब्यात टाकत राहिले. मग म्हणाले, "पहिल्यापासून. दादा म्हणाले होते, सोडवता येईल अशी बांधा. तुला सांगितलं असतं तर तू मन लावून काम केलं नसतंस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. दादांचा राग आला, पण दादा परके. ह्यांच्या शेजारी मी इतकी वर्षं जेवले, झोपले, आणि ह्यांनी माझ्याच तोंडून त्या बायकांना खोटं बोलवून घेतलं. लेकीच्याही तोंडून.

मामा आली. ओरडली नाही, रडली नाही. लेकीला म्हणाली, "आईला विचार, तिला माहीत होतं का?" मी "नाही" म्हटलं. लेकीनं तेच तिला सांगितलं. मामानं ह्यांच्या हातातला पाना बघितला, मग माझं मंगळसूत्र. नवऱ्याला ठाऊक आणि बायकोला नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? मीही ठेवला नसता.

कांदा पडेल त्या भावात गेला. आम्ही निघालो तेव्हा मामानं तो खण धुऊन, घडी घालून माझ्या हातात ठेवला. आपल्याकडे भरलेली ओटी कुणी परत करत नाही. तिला आपली रीत माहीत नव्हती, असं मी मनाला पुष्कळदा समजावून पाहिलं.

नाशिकला मिशननं आमचा सत्कार ठेवला. हे गेले, मी आणि लेक गेलो नाही. घरात आम्ही दोघं बोलतो, दूध आणलं का, गॅस संपलाय, एवढं.

मागच्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला ह्यांनी गॅलरीत झोपाळा उभा केला. चार दिवस स्वतः खपून, सागवानी. "बस ना," म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. मी वाकून सांधे बघितले. सगळीकडे चकचकीत नट-बोल्ट.

"कधी सोडवायचाय?" मी विचारलं.

झोपाळा चांगला मजबूत आहे, लेक रोज बसते. मी अजून बसलेले नाही.