ओलेगारिओ बसला त्या दिवशी

मादुरेरा या उपनगरातल्या आमच्या गल्लीत ओलेगारिओ सान्ताना सगळ्यांना ठाऊक होता, पण टीव्हीच्या पडद्यावर त्याचं नाव कोणी वाचलेलं नव्हतं. मालिका संपल्यावर नावं अशी काही पळायची, की त्याच्यापर्यंत येईस्तोवर साबणाची जाहिरात लागलेली असायची. बस कंडक्टरची नोकरी सोडून बाविसाव्या वर्षी तो सिनेमात शिरला आणि पहिल्या सिनेमात पहिल्याच मिनिटाला गोळी लागून मेला. पुढे टीव्हीने त्याला जिवंत ठेवलं, पण उभं. तो दरवान झाला, ड्रायव्हर झाला, आचारी झाला, जुन्या काळची मालिका असली की गुलाम झाला. त्याच्या एकाही पात्राला आडनाव नव्हतं, बायको नव्हती, घर नव्हतं. दार उघडावं तर ओलेगारिओनेच, असं दिग्दर्शक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. बाहेर उभा असलेला मालक खुशीत आहे की भडकलेला, हे दार उघडणाऱ्या ओलेगारिओच्या नुसत्या पाठीवरून कळायचं. एवढी विद्या त्या माणसाने दारांवर खर्च केली. काळ्या नटाने याहून जास्त मागू नये, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

रविवारी तो आईकडे जेवायला जायचा. आईने, दोना कासिल्दाने, कोपाकाबानातल्या एका श्रीमंत घरी एकेचाळीस वर्षं स्वयंपाक केला होता. त्या घरात बाईसाहेबांचा एक पिवळा सोफा होता. त्याच्या खोळी तिने किती वेळा धुतल्या, किती वेळा इस्त्री केल्या याला गणती नाही, पण टेकली एकदाही नाही. लेकाला कोंबडी वाढताना तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा.

"काय रे, बसवलं का कोणी तुला?"

"अजून नाही, आई."

"उभ्या उभ्या म्हातारा होशील."

मग दोघं हसायची. आईची ती थट्टाच होती, पण ओलेगारिओला तिच्यात आस ऐकू यायची. बक्षिसाचं, नावाचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. आईचे डोळे मिटायच्या आत तिने आपल्याला टीव्हीवर एकदा, स्वतःच्या घरात, बसलेलं पाहावं, एवढ्यावर त्याचा जीव अडकला होता.

अठ्ठावन्नाव्या वर्षी एकदाचं घोडं गंगेत न्हालं. रात्री आठच्या मालिकेत त्याला वकील देओदातो फागुन्देसचं काम मिळालं. आडनाव होतं, बायको होती, दोन मुली होत्या आणि मुख्य म्हणजे दिवाणखाना होता. सामानाच्या गोदामात तो स्वतः गेला. तिथे करड्या, हिरव्या, तपकिरी सोफ्यांची रांग होती. त्याने पिवळा निवडला. आईसाठी निवडला. गोदामवाल्याला काय, त्याने चिठ्ठी चिकटवून दिली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी दोना कासिल्दाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची जुरेमा मक्याचा केक घेऊन आली होती. म्हातारी केस बांधून, कानातलं घालून, अगदी पुढे बसली होती. ओलेगारिओ मागे भिंतीला टेकून टीव्हीकडे नाही, आईच्या मानेकडे बघत होता. पडद्यावर वकीलसाहेब घरी आले. टोपी काढली, पिवळ्या सोफ्यावर बसले, पायावर पाय टाकला आणि पेपर उघडला. खोलीत टाळ्या झाल्या.

दोना कासिल्दा उठून उभी राहिली. तिने टीव्हीच्या काचेवर हात ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ तिथून, पोरा. बाईसाहेब येतील."

लोकांना वाटलं, म्हातारीने बहार केली. जुरेमा तर पोट धरून हसली. ओलेगारिओने आईचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं की यात थट्टा नाही. तिचं डोकंही फिरलेलं नव्हतं, त्याच सकाळी तिने कोंबडीवाल्याला मापात मारताना पकडलं होतं. ती सारखी दाराकडे बघत होती. त्यानंतरच्या रविवारपासून तिने तो प्रश्न विचारला नाही.

आमच्याकडे मालिका चालू असतानाच पुढचे भाग लिहिले जातात, आणि लेखकाला बायकांची मतं पुरवली जातात. साओ पाउलोत बारा गृहिणींना कॉफी-बिस्किटं देऊन विचारलं, फागुन्देस कुटुंब कसं वाटतं? माणसं चांगली आहेत हो, एकीने सांगितलं, पण यांच्या घरी दार कोण उघडतं? बाकीच्या अकरा जणींनी मान डोलावली. तीन आठवड्यांत वकीलसाहेब सहकुटुंब परगावी गेले, तेही दुसऱ्याच कोणाच्या तोंडच्या एका वाक्यात. निरोपाचा प्रसंगसुद्धा लिहिला नाही त्या मेल्यांनी.

पुढच्या मालिकेत ओलेगारिओ पुन्हा दारावर आला. दिवाणखान्यात एक तरुण जोडपं बसलं होतं, पिवळ्या सोफ्यावर. सोफ्याच्या हातावरचा कॉफीचा डाग त्याने ओळखला. वकील असताना तो त्याच्याच हातून पडला होता. त्याने तबक पुढे केलं आणि वाकला. पहिल्याच वेळेला प्रसंग मंजूर झाला.

त्या रविवारी आई कधी नव्हे ती खुशीत होती.

"काल बघितलं तुला," ती म्हणाली. "आता कसा माझा मुलगा दिसलास. त्या सोफ्यावर बसलास तेव्हा माझा जीव नुसता घाबराघुबरा झाला होता बघ." तिने मायेने खुर्ची ओढली. "बस. गरम आहे तोवर खा."

ओलेगारिओ दारातच उभा राहिला. पाठ ताठ, हात मागे, आवाज तबकासारखा सपाट. छत्तीस वर्षांची सगळी विद्या त्याने त्या क्षणी आईवर वापरली.

"नको, आई. बाईसाहेब येतील."

म्हातारीचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिने काढून घेतला. मग आपली ताटली उचलून ती चुलीपाशी गेली आणि भिंतीला टेकून उभ्यानेच जेवू लागली.

चुकलो, एवढं म्हणायला काय लागत होतं? तो म्हणाला नाही. पंच्याऐंशीची बाई, गुडघे धरलेले, पण हट्ट त्याच रक्ताचा. ती आणखी चौदा महिने जगली. त्याने एकही रविवार चुकवला नाही, तिने एकदाही कोंबडी करायची टाळली नाही. टेबल मधे असायचं, खुर्च्या आत सारलेल्या असायच्या आणि मायलेक दोन भिंतींना टेकून जेवायची.