गोळी घेतली का?

आई सोलापुरात दवाखान्यात होती, तेव्हा रोज दुपारी वॉर्डात एक ख्रिस्ती बाई यायच्या. पांढरी साडी, काखेत बायबल, हातात तेलाची छोटी बाटली. ओळख ना पाळख, पण खाटेशी उभ्या राहून विचारायच्या, "आक्का, प्रार्थना करू का?" हो म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न, "गोळी घेतली का?" घेतली नसेल तर स्वतः पाणी द्यायच्या आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत बघत राहायच्या. मगच तेलाचं बोट कपाळाला लागायचं.

मला ते विचित्र वाटायचं. देवावर एवढा भरवसा, मग गोळीचा ध्यास कशाला?

आईचा ताप उतरला. ती हात जोडून म्हणाली, "बाई, तुमच्या प्रार्थनेनं बरी झाले. सगळ्यांना सांगणार मी."

बाईंनी चटकन तिचे हात धरले. "नका सांगू, आक्का. एवढ्यात नका."

मग त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "आमच्या मालकांना शुगर हुती. प्रार्थनेनं जरा बरं वाटाय लागलं, तसं मीच त्यांना चर्चमध्ये उभं केलं. देवानं बरं केलं, अशी सगळ्यांपुढं साक्ष दिली त्यांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गोळी खायची लाज वाटाय लागली. साक्ष खोटी ठरंल की! त्यातच गेले."

बाई बाटलीचं घट्ट बूच आणखी घट्ट करत राहिल्या.

"गोळ्या सोडा म्हणून देवानं सांगितलं न्हवतं, आक्का. घाई मला झाली हुती."