माझ्याच ग्लासाला पट्टी

नर्सनं माझ्या ग्लासाला चिकटपट्टी लावली. पांढरी, बोटभर. वॉर्डात आम्ही आठ जण. पट्टी फक्त माझ्याच ग्लासाला. शेजारच्या खाटेवरच्याला ती हिब्रूत म्हणाली, "हा होदूचा आहे. खोकतो. त्याच्या ग्लासाला हात लावू नका."

होदू म्हणजे हिंदुस्थान. तिथला माणूस खोकला की त्याला क्षयच, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. थुंकी तपासली. क्षय नव्हता. तरी पट्टी तशीच. मी मुकाट्यानं त्याच ग्लासातून पाणी प्यायलो.

हे त्रेसष्ट सालचं. मुंबईची गिरणी सोडून इस्रायलात डिमोनाच्या गिरणीत आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी छातीनं दगा दिला. खोकल्यातून रक्त. बसलेला आवाज सुटेना. खांद्यात ठणका. विजार कमरेवर राहीना. गिरणीत पोरी गाड्या ढकलत पुढे जायच्या आणि मी भिंत धरून उभा.

पण खरा जीव तुटायचा तो शुक्रवारी, प्रार्थनेला. शेमा म्हणजे देव एकच आहे सांगणारी आम्हा ज्यूंची प्रार्थना. तिच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द, एहाद म्हणजे 'एक', एका दमात लांबवायचा. कोकणात आमचे वाडवडील बाकी सगळं विसरले, शेमा विसरले नाहीत. माझ्या तोंडात तो मध्येच तुटायला लागला. मला रडू यायचं.

डॉक्टर माझ्या खाटेशी उभा राहून माझ्या मुलीशी बोलायचा. माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्या गुरुवारी तिला म्हणाला, "वडिलांना सांग, छाती साफ करायचं छोटं ऑपरेशन आहे. खरं सांगू नकोस. ही माणसं घाबरतात. त्यांना कळत नाही."

मला हिब्रू कळत होतं. गिरणीत शिव्या हिब्रूतच खाल्ल्या होत्या.

रिबका माझ्याकडे वळली. "पपा, अगदी छोटं..."

"थांब बाय. तू कशाला खोटं बोलतेस? ज्याला ठाऊक आहे त्याला बोलू दे."

मग मोडक्या हिब्रूत डॉक्टरला म्हटलं, "छाती माझी. मला सांगा."

तो हसला. पुन्हा तिलाच म्हणाला, "सांग त्यांना, सगळं ठीक होईल."

माझं डोकं फिरलं. ग्लास उचलला. नखानं पट्टी ओढून काढली आणि त्याच्यासमोर धरली. "क्षय नाही, हे तुम्हीच म्हणालात. मग ही कशाला? आणि मला झालंय काय?"

डॉक्टर खाटेच्या कडेला बसला. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलला. कॅन्सर. उजवं फुप्फुस पूर्ण काढायचं. वाचलो तर चार पायऱ्यांना दम लागेल. टेबलावरच संपू शकतो. काढलं नाही तर फार दिवस नाहीत.

भीती वाटली, भरपूर वाटली. पण कळलं सगळं.

"उद्या सकाळी घेऊ," तो म्हणाला.

"उद्या शुक्रवार. मी घरी जाणार. रविवारी सांगतो."

बसनं घरी आलो. शेमा म्हटला. एहाद मध्येच तुटला. श्वास घेतला, शब्द पुन्हा धरला. सगळे थांबले. थांबू देत.

आता ठरलंय. रविवारी जाणार, फुप्फुस काढून घेणार. ग्लासाला पट्टी दिसली तर तिथल्या तिथे फाडणार. आणि कोणी माझ्याऐवजी माझ्या पोरीशी बोलायला लागलं, तर खाटेवरून उठणार. आधी मला विचारायचं. मग सुरी उचलायची.