उस्तादांची जीभ

आमच्या ताईला सर्दी होण्याची परवानगी नाही. हसू नका, खरंच सांगतो. तिची पोर नाक ओढायला लागली की ताई तिला नवऱ्याजवळ झोपवते आणि स्वतः पलीकडच्या खोलीत जाऊन दार लावून घेते. पोर दारावर थापा मारते. ताई आतून गोष्ट सांगते, पण दार उघडत नाही. कढत चहा पीत नाही, मिरचीला तोंड लावत नाही. एखाद्या गवयाने गळा इतका जपला तर लोक कौतुक करतील. ताई जपते ती जीभ मात्र लोकांच्या लेखी तिची नाहीच, आमच्या उस्तादांची, म्हणजे मुख्य शेफची आहे.

ताई उस्तादांच्या स्वयंपाकघरात सॉस करते, मी तिथेच पाव भाजतो. माझी भट्टी ताईच्या सॉसच्या शेगडीमागे, त्यामुळे तिची पाठ मी बायकोच्या तोंडापेक्षा जास्त पाहिली आहे. रेस्टॉरंट मोठं नावाजलेलं. टेबल मिळायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं, आणि ताटलीतलं मात्र दोन घासांत संपतं. स्वयंपाकघर आणि पाहुण्यांच्या मध्ये नुसती काच. उस्तादांचा नेम असा, की त्यांनी चाखल्याशिवाय एकही ताटली बाहेर जायची नाही. ते चमचा बुडवतात, जिभेवर थेंब घेतात, डोळे मिटतात. काचेपलीकडे लोक हातातला घास तसाच धरून बघत राहतात. मग उस्ताद डोळे उघडतात आणि पहिल्यांदा ताईकडे बघतात. तिचं फडकं खांद्यावर असलं तर ताटली जाते. हातात असलं तर मीठ कमी. कमरेला खोचलेलं असलं तर अख्खं पातेलं ओतून पुन्हा सुरुवात.

कारण उस्तादांना चव कळत नाही. एका तापात त्यांचं नाक गेलं आणि नाकाबरोबर जीभही गेली. हे ताईला माहीत आणि मला. मी फडकं बघून ओळखलं, मग तिने कबूल केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प राहिलो. उस्तादांच्या नावावर आमच्या सगळ्यांच्या चुली पेटतात.

माणूस वाईट नाही, हीच खरी अडचण आहे. ताई इथे आली ती बटाटे सोलायला. उस्तादांनी तिला शेजारी उभं करून शिकवलं, एकदाही अंगावर ओरडले नाहीत. तापानंतर एकदा तिच्या हातून मीठ दोनदा पडलं आणि उस्ताद ते चाखून ‘वा!’ म्हणाले, तेव्हा तिला कळलं. तिने गुपचूप सॉस बदलला. त्या दिवशी मासे ठेवायच्या थंड खोलीत हा एवढा मोठा माणूस तिच्यासमोर रडला. ‘पोरी, मला बरं वाटेपर्यंत सांभाळ,’ म्हणाला. बरं काही वाटलं नाही. तिच्या आईच्या आजारपणातसुद्धा ताई सकाळी आईला बघून संध्याकाळच्या जेवणाआधी शेगडीपाशी हजर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

मग तळ्याकाठच्या एका छोट्या हॉटेलची मालकीणबाई आली. तिने ताईच्या हातचा सॉस खाल्ला आणि सरळ विचारलं, ‘माझं स्वयंपाकघर चालवशील?’ वर राहायला दोन खोल्या. ताई दोन दिवस जमिनीवर नव्हती. भट्टीकडे वळून मला म्हणाली, ‘दादा, तिकडे मला सर्दी झाली ना, तर सरळ सांगेन की आज मला चव नाही, दुसरं कुणीतरी चाखा. आणि पोरीला कुशीत घेऊन झोपेन.’ पोरीला तसं सांगूनही बसली होती.

उस्तादांना तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘बघू.’

परवा दुपारी मालकीणबाई आपल्या भावाला घेऊन जेवायला आली. हॉटेलात त्याचीही भागी, आणि त्याला खात्री हवी होती. जेवण झाल्यावर उस्ताद ताईला घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले. मी पावाची टोपली नेण्याच्या निमित्ताने मागोमाग गेलो.

भाऊ म्हणाला, ‘उस्ताद, स्पष्ट सांगा. हिला चवीची जाण किती?’

उस्तादांनी टेबलाची कड धरली. ताईकडे बघितलं नाही. ‘हाताला तोड नाही,’ ते म्हणाले. ‘पण चव अजून माझीच लागते. एकटीने नाही जमायचं तिला.’ आणि लगेच मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘आजपासून ही माझा उजवा हात! हिला मी कुठेही जाऊ देणार नाही.’

आजूबाजूच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. मालकीणबाईने ताईचं अभिनंदन केलं आणि पर्स उचलली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर टाळ्या! मागच्या दारी, भाजीच्या रिकाम्या क्रेटवर ताई बसली होती. मी म्हणालो, ‘तोंडात काय बोळा कोंबला होता? बोलायचं होतंस ना!’

‘काय बोलू?’

‘की इतकी वर्षं तूच चाखतेस. दोन वाट्या ठेवायच्या त्यांच्यापुढे, एक खारट, एक अळणी. तिथल्या तिथे निकाल लागला असता.’

‘लागला असता,’ ती म्हणाली. ‘मग तो भाऊ म्हणाला असता, इतकी वर्षं रोज काचेसमोर उभं राहून लोकांना फसवायला ह्यांना कोणी मदत केली? ही बाई माझ्या हॉटेलात नको. आणि त्यात खोटं काय होतं, दादा? मला चव कळते हे दाखवायला माझ्याकडे दुसरं आहे काय? तेवढी एक फसवणूकच आहे.’

मी शेजारचा क्रेट ओढून बसलो. ती फरशीकडे बघत म्हणाली, ‘मला वाटायचं, मी त्यांना सांभाळतेय. जेव्हा वाटेल तेव्हा सोडून जाऊ शकते.’

आतून उस्तादांची हाक आली. ‘पोरी, संध्याकाळचा सॉस उतरवलाय.’ आवाज नेहमीसारखाच मायेचा. ताई उठली, डोळे पुसले, नळाशी वाकून चूळ भरली आणि आत गेली.