सोळाशे किलोच्या आत

आमच्या कंपनीच्या आवारात एक ट्रॅक्टर होता. विक्रोळीत ट्रॅक्टर कशाला, असं लोक विचारायचे. शेतीसाठी नव्हताच तो. लोखंडी पाइपांनी भरलेल्या ट्रॉल्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये ओढायच्या, एवढंच त्याचं काम. तो चालवायचे माझे बाबा. सव्वीस वर्षं ते आवारात ड्रायव्हर होते आणि त्यांच्याच वशिल्याने मी मेन्टेनन्स खात्यात फिटर म्हणून लागलो होतो. मोठा संप होऊन एक-दोन वर्षं झाली होती. आमच्या घाटकोपरच्या चाळीतले निम्मे गिरणीवाले घरी बसून होते. त्यामुळे बापलेक दोघं रोज डबे घेऊन कामावर जातात, याचं आईला फार कौतुक होतं. ती ते बोलूनही दाखवायची, आणि मग मला लाज वाटायची.

दर जानेवारीत आसपासच्या पाच-सहा कंपन्यांचे मिळून खेळ व्हायचे, भांडुपला एका कंपनीच्या मैदानावर. कबड्डी, रस्सीखेच, धावणं, आणि शेवटी ट्रॅक्टरची ओढ. हे ओढीचं खूळ कुणा साहेबाने परदेशात पाहून आणलेलं. लोखंडी पत्र्याचा एक पाट, त्याला चाकं नाहीत, वर वाळूची पोती. ट्रॅक्टरने तो फरफटत न्यायचा. मैदानाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असायची. पाट पुढे सरकला की दर दहा पावलांवर दोघं दोघं त्यावर चढायची. म्हणजे जितकं पुढे जाल तितका भार वाढत जाणार. शेवटच्या चुन्याच्या रेघेपर्यंत पोचला तो जिंकला, आणि कुणीच नाही पोचलं तर ज्याने जास्त लांब ओढला तो.

गट दोन होते. सोळाशे किलोच्या आतले ट्रॅक्टर आणि त्यावरचे. आम्ही वरच्या गटात उतरायचो आणि दर वर्षी मार खायचो, कारण तिथे शेजारच्या कंपनीचा एक धूड ट्रॅक्टर होता. त्याच्यापुढे आमचा म्हणजे पोरखेळ. त्या वर्षी आमच्या फोरमनने डोकं लढवलं. म्हणाला, "वजन उतरवूया. खालच्या गटात जाऊया. तिथे आपल्याला कोण अडवतोय?"

बाबा मार्चमध्ये रिटायर होणार होते. त्यांची ही शेवटची ओढ. गणपतीला गावी गेले तेव्हापासून ते सांगत सुटले होते, यंदा पहिल्या बक्षिसाची ढाल घेऊनच निघणार म्हणून. आईने तर अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं. तिचे गुडघे धरलेले, तिला कुठे येणं-जाणं जमत नव्हतं. पण "ह्यांची शेवटची ओढ रविवारी आहे" हे ती भाजीवाल्यालासुद्धा सांगायची.

वजन उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. आमच्या ट्रॅक्टरचं वजन एकोणीसशे दहा किलो. वरची छत्री काढली, मडगार्ड काढले, दिवे, अवजारांची पेटी, मागचा जाड हूक, सगळं काढलं. पुढे लावलेली बिडाची वजनं काढली. मागच्या मोठ्या टायरांत पाणी भरलेलं असतं, पकड यावी म्हणून, ते सोडून दिलं. शेडबाहेर दिवसभर गटार वाहत होतं आणि वॉचमन येऊन मला शिव्या देऊन गेला. दर दोन दिवसांनी आम्ही ट्रॅक्टर आवारातल्या वजनकाट्यावर न्यायचो. बाबा तो काट्यावर उभा करायचे, खाली उतरायचे, बाजूला उभे राहायचे, आणि मी काट्याच्या खोलीतून आकडा ओरडायचो. अठराशे तीस. सतराशे वीस. सोळाशे पन्नास. शेवटी पंधराशे नव्वद झालं तेव्हा फोरमनने सगळ्यांना कटिंग चहा पाजला. मागच्या चाकांवर बिडाची दोन दोन कडी मी मुद्दाम ठेवली होती, वीस वीस किलोची. ती गेली तर चाकं जागच्या जागी फिरतील, एवढं मला कळत होतं.

रविवारी ओढ, आणि गुरुवारी दुपारी नियमांचा कागद आला. फोरमनने तो वाचून दाखवला. वजन चालकासह धरलं जाईल, असं तिसऱ्या ओळीतच होतं.

आमच्या आवाराचा पहिला धडा म्हणजे काट्यावर गाडी चढली की ड्रायव्हरने खाली उतरायचं. नाहीतर भंगाराच्या वजनात त्याचं वजन धरलं जातं आणि भांडणं होतात. बाबांच्या अंगात सव्वीस वर्षांची ती सवय मुरलेली. आणि आम्ही सगळे त्यांना उतरताना रोज बघत होतो, तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ओढीच्या दिवशी हा माणूस वर बसलेला असणार आहे. मी तर हिशोब करणारा, माझ्याही नाही.

बाबा पंच्याऐंशी किलोचे. म्हणजे सोळाशे पंचाहत्तर. मी तेव्हा काडी होतो, पन्नास किलो.

गुरुवारी रात्री जेवताना बाबांनी भात घेतला नाही. आई म्हणाली, "बांगड्याचं तिखलं केलंय आणि भात नको? काय झालं काय तुम्हाला?" बाबा म्हणाले, "पोट बरां नाय." मी मान खाली घालून जेवत होतो. मला हसूही येत होतं. तीन दिवस भात सोडून पंचाहत्तर किलो उतरत नाहीत, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच.

शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर आवारामागच्या मोकळ्या जागेत आम्ही चाचणी घेतली. एक जुना पत्रा, वर वाळू, आणि आमचीच माणसं. आधी बाबा बसले. ते बसायचे तर चारही कडी काढणं भाग होतं. ती काढली आणि वजन बरोबर बसलं. पण पाटावर सहावा माणूस चढला आणि मागची चाकं फिरायला लागली. माती उडाली, ट्रॅक्टर जागचा हलेना. बाबांनी दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. क्लच सोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण पकडच नाही तर हात काय करणार? मग दोन कडी परत लावली आणि मी बसलो, अनवाणी. पाटावर दहा माणसं चढली तरी ट्रॅक्टर चालत राहिला.

फोरमन मला बाजूला घेऊन म्हणाला, "बघितलंस ना? आता काकांना सांग. मी नाही सांगणार, त्यांच्या हाताखाली मी शिकलोय."

बाबा तोवर परत सीटवर जाऊन बसले होते. म्हणाले, "आणखी एकदा बघूया. कडी परत काढा, माती भिजवून बघूया." चौथ्यांदा पण तेच झालं. आणि माझं डोकं फिरलं. मला राग पटकन येतो, तेव्हाही यायचा. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "बाबा, उतरा आता. तुमच्यामुळे होत नाहीये."

ते उतरले. हातातला फडका सीटवर ठेवला आणि पाणी प्यायला गेले. दहा-बारा माणसं उभी होती, सगळी दुसरीकडे बघत होती. तसं बोलायला नको होतं. नीटही सांगता आलं असतं, घरी सांगता आलं असतं. आज चाळीस वर्षांनीही ते वाक्य आठवलं की मला माझी शरम वाटते.

घरी जाताना बसमध्ये मी म्हटलं, "बाबा, मी रागात बोललो." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटा बोललंस काय? मगे कित्याक बोलतंस?" आणि शनिवारी त्यांनीच मला शिकवलं. अर्धा दिवस माझ्याशेजारी पायरीवर उभे राहिले. क्लच एकदम सोडू नको. कान इंजिनाकडे ठेव, मागे बघू नको. आवाज बसायला लागला की चाक फिरण्याच्या आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचल, मगच दाब. जरासा म्हणजे किती, ते त्यांनी माझ्या पायावर आपला पाय ठेवून दाखवलं. आम्ही दोघांनी आईला काही सांगितलं नाही. का नाही, ते मी त्यांना विचारलं नाही. माझ्यात हिंमत नव्हती.

रविवारी मी ट्रॅक्टर रस्त्याने भांडुपला नेला. काट्यावर माझ्यासकट पंधराशे नव्याण्णव भरलं. फोरमन मला म्हणाला, "सकाळी संडासला गेलास ते बरं झालं." सगळे हसले. बाबा गर्दीत होते, मी त्यांना पाहिलं होतं. मग आमचा नंबर आला.

ओढीचं मला फारसं आठवत नाही. आवाज आठवतो. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, पण मी इंजिनच ऐकत होतो. अर्ध्या मैदानानंतर आवाज बसला, आणि मी पाय उचलला. जरासाच. पुन्हा दाबला. असं तीनदा झालं. मग कुणीतरी निशाण हलवत समोर आलं आणि मला कळलं की पाट रेघेच्या पार गेलाय. आमच्या गटात दुसरं कुणी तिथवर पोचलं नाही. ढाल मिळाली, पोरांनी मला खांद्यावर घेतलं, फोटो काढला. फोटोत बाबा नाहीत. मी हाका मारत होतो, पण ते कुठे दिसले नाहीत.

संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन आवारात आलो तर शेडमध्ये दिवा लागलेला. बाबा आत होते. काढलेला सगळा माल त्यांनी ओळीने मांडून ठेवला होता, मडगार्ड, छत्री, वजनं, आणि एकेक नटबोल्ट रॉकेलने धूत बसले होते. सोमवारी सकाळी ट्रॉल्या ओढायच्या होत्या ना.

मला बघून म्हणाले, "पुरो पाट ओढलंस मां?"

मी म्हटलं, "म्हणजे? तुम्ही बघितलं नाहीत?"

"नाय." बोल्ट पुसत म्हणाले, "माका बघूक जमला नाय. तुझो नंबर इलो आणि मी बस पकडलंय."

ढाल मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, पुसली, आणि परत दिली. मग आम्ही मडगार्ड बसवायला घेतले. एका बाजूने त्यांनी पाना धरला, दुसऱ्या बाजूने मी. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवशीक सांग, मीच चालवलंय म्हणान."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. पलीकडच्या दोघी-तिघीही होत्या. मी ढाल तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "बाबांनी ओढलं. शेवटच्या रेघेपर्यंत." तिने विचारलं, "आणि तू काय करत होतास?" मी म्हटलं, "मी बघत होतो." आई ढाल घेऊन शेजारी दाखवायला गेली. बाबा मोरीत तोंड धुवायला गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.